नदीपलीकडची आत्या



माझ्या मुलीने कॅनडात विंडसरला बिऱ्हाड हलवले, तेव्हा मी निश्चिंत होते. धाकट्या वन्सं समोरच, डेट्रॉइटला! मधे नदी, तिच्यावर १९२९ सालचा पूल, खालून १९३० सालचा बोगदा. (अमेरिका तिथे चक्क उत्तरेला आहे, बरे का!)

पण मुलीचा पासपोर्ट भारताचा. कॅनडात कायम राहण्याची परवानगी असली, तरी पलीकडे जायला अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो. वन्संचा पासपोर्ट अमेरिकेचा, म्हणून बाळंतपणाला त्याच पूल ओलांडून आल्या, डिंकाचे लाडू घेऊन. तुमच्या मुली निघाल्या, तर घरभाडे, थंडीचे कपडे विचारालच. हा व्हिसाही आधी विचारा. संध्याकाळी आम्ही काठावर उभ्या राहून वन्संच्या गावचे दिवे पाहत असू.