हरण्याची मजुरी



या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी झाले. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करतो. तेव्हा आम्ही बोनसवर किंवा कामगार कायद्यावर चार शब्द बोलावेत अशीच चालकांची अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही एका सामन्याविषयी बोलणार आहोत. सामना अमेरिकेतला, खेळ आपल्या गावात कोणी न खेळणारा, आणि आम्हीही तो मैदानावर बसून कधी पाहिलेला नाही. असे असता हा विषय का घेतला, ते ओघाने येईलच.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहरी नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता. त्याच्या कचेरीत अ‍ॅपलॅचियन स्टेट या विद्यापीठात शिकलेली बरीच मंडळी आहेत. तो सांगत होता की, सप्टेंबर उजाडला की जेवणाच्या सुट्टीत त्यांची एकच गोष्ट सुरू होते : १ सप्टेंबर २००७ रोजी दुपारी तू कुठे होतास? एक म्हणतो, मी मावसबहिणीच्या लग्नाला गेलो होतो आणि चर्चच्या मागे मोटारीत बसून रेडिओ ऐकत होतो. दुसरा म्हणतो, मी घाटात होतो, वळणावर आवाज गेला, तेव्हा गाडी मागे घेतली आणि जिथे ऐकू येत होते तिथेच सामना संपेपर्यंत उभी केली. माणसे तीच, गोष्टी त्याच, तरी दरवर्षी कोणीतरी डोळे पुसतो. आमच्या या मुलाने आम्हांला विचारले, "काका, एका सामन्याचे इतके काय?" त्याला उत्तर द्यायचे म्हणून आम्ही वाचू लागलो.

आधी खेळ समजून घेऊ. याला फुटबॉल म्हणतात, पण पायाचा संबंध थोडा. चेंडू लंबगोल, सोललेल्या नारळासारखा. तो हातात धरून पळायचे किंवा फेकून आपल्या गड्याकडे पोचवायचा, आणि समोरच्या अकरा जणांची फळी फोडून त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यायचा. आपल्या कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषेला परत येतो, इथे तो पलीकडेच जाऊन पोचतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. पलीकडे पोचला की सहा गुण. ते जमत नसेल तर दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडायचा, त्याचे तीन गुण. हा खेळ तिकडे विद्यापीठांचा मोठा उत्सव असतो. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना गाव लोटतो, तसे तिथे शनिवारी शहर लोटते.

आता दोन्ही पक्ष पाहा. एका बाजूला मिशिगन विद्यापीठ. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त विजय त्या वेळी ज्यांच्या नावावर होते ते हे. देशाच्या क्रमवारीत त्यांचा पाचवा क्रमांक. अ‍ॅन आर्बर येथे त्यांचे मैदान आहे. त्या दिवशी तिथे १,०९,२१८ माणसे बसली होती. दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या बून या गावचे अ‍ॅपलॅचियन स्टेट. २००० सालच्या शिरगणतीप्रमाणे बूनची वस्ती सुमारे साडेतेरा हजार. म्हणजे अशी आठ गावे त्या एका मैदानात बसली असती. १८९९ साली दोन भावांनी तिथे एक शाळा काढली, तिच्यातून डोंगरातल्या शाळांसाठी शिक्षक तयार होऊ लागले, आणि तिचेच पुढे हे विद्यापीठ झाले. त्यांचा संघ खालच्या गटातला. वरच्या गटातल्या संघाला ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्याची मुभा होती, खालच्या गटाला ६३ जणांपुरती.

मग हा सामना ठरला तरी कसा? आमच्यासारख्याला यातली खरी गोम इथेच दिसते. मोठी विद्यापीठे हंगामाच्या आरंभी एखाद्या लहान संघाला पैसे देऊन बोलावतात. मैदान भरते, तिकिटे खपतात, घरच्या संघाला विजय मिळतो, प्रेक्षक खूष होऊन घरी जातात. लहान संघ मार खातो आणि धनादेश घेऊन परततो. त्या पैशात त्याच्या विद्यापीठाचा खेळाचा खर्च भागतो. या सामन्यासाठी मिशिगनने अ‍ॅपलॅचियनला चार लक्ष डॉलर दिले. कागदावर ते खेळण्याचे पैसे होते. व्यवहारात ती हरण्याची मजुरी होती, आणि हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक होते.

मजुरी घेऊनही पोरे हरली नाहीत. मध्यंतराला डोंगरातल्या संघाचे २८ गुण, मिशिगनचे १७. पुढे मिशिगनने एकेक करून फरक भरून काढला आणि साडेचार मिनिटे उरली असता ३२–३१ अशी आघाडी घेतली. इथे सगळ्यांना वाटले, झाले, गाडी रुळावर आली. मग अ‍ॅपलॅचियनचा चेंडूही मिशिगनच्या हाती गेला. शेवटची दीड-पावणेदोन मिनिटे राहिली असता मिशिगनने लाथेने तीन गुण मिळवायचा प्रयत्न केला, तो या पोरांनी अडवला. मग अर्मांटी एडवर्ड्स या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आपल्या संघाला ६९ यार्ड पुढे नेले. ज्युलियन राउशने चेंडू खांबांमधून लाथाडला. ३४–३२. घड्याळात सव्वीस सेकंद. मिशिगनने एका लांब फेकीने पुन्हा चेंडू जवळ आणला. सहा सेकंद उरले. ३७ यार्डांवरून लाथ बसली, आणि कोरी लिंच नावाचा गडी आडवा येऊन तो चेंडू त्याच्या अंगावर अडला. त्याने तो उचलला आणि पळत सुटला. पळता पळता वेळ संपली.

त्या दिवशी सामना एका नव्याच वाहिनीवर होता. ती निघून जेमतेम दोन दिवस झाले होते आणि असंख्य घरी ती दिसतच नव्हती. म्हणून इतक्या माणसांच्या आठवणी रेडिओच्या आहेत. बूनमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, आपल्याच रिकाम्या मैदानात शिरले, तिथला गोलखांब उपटला आणि मिरवत नेऊन कुलगुरूंच्या घरापुढच्या हिरवळीवर टाकला. आणखी एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. देशाची जी नामांकित क्रमवारी वार्ताहरांच्या मतांनी ठरते, तिच्यात खालच्या गटातल्या संघाला मत देण्याची सोयच नव्हती. या सामन्यानंतर तो नियम बदलावा लागला. जो जिंकू शकतो हेच कोणाच्या मनात आले नव्हते, त्याच्यासाठी मतपत्रिकेवर जागा तरी कोण ठेवणार?

जगाने या विजयाला चमत्कार म्हटले. कचेरीतली ती मंडळीही चमत्कारच म्हणतात. इथे आमचे त्यांच्याशी जमत नाही.

हा संघ २००५ साली आपल्या गटाचा राष्ट्रीय विजेता होता, २००६ साली पुन्हा होता. त्यांचे शिक्षक जेरी मूर १९८९ पासून त्या एकाच गावात राबत होते. २००४ च्या सुमारास त्यांनी आपली खेळण्याची जुनी रीत टाकली आणि मैदानभर पसरून, चपळाईने खेळण्याची नवी रीत वेस्ट व्हर्जिनियाच्या रिच रॉड्रिग्ज यांच्याकडे जाऊन शिकून घेतली. वय साठीच्या पुढे असताना जो माणूस आपली रीत चुकते आहे असे म्हणून दुसऱ्याच्या दारी शिकायला जातो, त्याचा विजय आभाळातून पडत नाही. आणि मौज अशी की, त्याच वर्षीच्या डिसेंबरात मिशिगनने आपले नवे शिक्षक म्हणून याच रॉड्रिग्जना नेमले! हरलेल्यांना कळले होते की हा चमत्कार नव्हता. ते फक्त टाळ्या वाजवणाऱ्यांना कळले नव्हते.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो आणि तिच्यातली चूकही कबूल करतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यात आम्ही संप केला. कामगार दीडशेच्या आत, निम्मे कंत्राटी. सदतिसाव्या दिवशी करार झाला आणि बावीस कंत्राटी कामगार कायम झाले. पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक गेटमीटिंगला आम्ही ती गोष्ट सांगत आलो. मालक एका रात्रीत कसा नमला, फाटकावर गुलाल कसा उधळला, सारे रंगवून सांगत असू. टाळ्या हमखास पडत. एक गोष्ट मात्र आम्ही कधी सांगितली नाही. त्या संपाच्या आधी तीन वर्षे लेथवर काम करणारा एक अबोल गडी एक वही ठेवत होता. कोण कधी कामाला लागला, कोणाला किती दिवस खंड दिला, कोणाच्या पाकिटाची चिठ्ठी कुठे आहे, हे सगळे तो रोज रात्री लिहीत असे. वाटाघाटीत ती वही टेबलावर आली तेव्हा समोरच्या वकिलाची भाषा बदलली. गुलालाची गोष्ट टाळ्या घेते, वहीची घेत नाही, म्हणून वही आमच्या भाषणातून गळाली.

पुढे दुसऱ्या एका ठिकाणी तरुण पोरांनी आठ दिवसांच्या आत, काही तयारी नसताना, काम बंद केले. आम्ही पोचेपर्यंत प्रकरण हाताबाहेर गेले होते. अकरा जणांची नोकरी गेली. त्यांतला एक आम्हांला म्हणाला, "दादा, तुम्हीच तर सांगितलं होतं, एका रात्रीत नमतो म्हणून." त्यावर आम्हांला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. विजयाची आठवण अर्धी सांगितली तर ती पुढच्या माणसाला खड्ड्यात घालते, हे आम्ही त्या अकरा घरांच्या खर्चाने शिकलो.

म्हणून त्या कचेरीतल्या मंडळींना आमचा आग्रह असा की, बाबांनो, गोष्ट जरूर सांगा, पण पुरी सांगा. त्या विजयानंतर तीनच आठवड्यांनी हाच संघ वॉफर्ड नावाच्या लहान महाविद्यालयाकडून ४२–३१ असा हरला, तेही सांगा. हरूनही त्याच वर्षअखेर तो तिसऱ्यांदा राष्ट्रीय विजेता झाला, तेही सांगा. २०१४ साली तो वरच्या गटात गेला आणि पहिलाच सामना त्याच मैदानावर त्याच मिशिगनशी पडला, तेव्हा ५२–१४ असा सपाटून मार खाल्ला, हेही लपवू नका. आणि २०२२ साली टेक्सस ए अँड एम या सहाव्या क्रमांकाच्या संघाला त्याच्याच घरी १७–१४ असे हरवले. त्या वेळी बोलावणाऱ्यांनी पंधरा लक्ष डॉलर मोजले होते. हरण्याची मजुरी पंधरा वर्षांत वाढली, पोरांनी ती पुन्हा हरामाची ठरवली!

पण मजुरीचा विषय निघाला आहे तर युनियनवाला एक प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. २००७ चे ते चार लक्ष डॉलर कोणाला मिळाले? विद्यापीठाला. ज्याने अंगावर चेंडू घेतला त्याला काय मिळाले? खेळाच्या नियमांनी तो विद्यार्थी, शिष्यवृत्तीपलीकडे त्याला वेतन घेण्याची तेव्हा बंदी होती. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियनसाठी अर्ज केला. पोलाद कामगारांच्या संघटनेने त्यांना पाठबळ दिले. शिकागोच्या सरकारी अधिकाऱ्याने हे खेळाडू कामगार आहेत असा निर्णय दिला. एप्रिलात मतदान झाले, पेट्या मोहोरबंद झाल्या. २०१५ च्या ऑगस्टात वरच्या मंडळाने हा विषय आम्ही हातात घेत नाही असे म्हणून प्रकरण मिटवले. ती मते कधी मोजलीच गेली नाहीत. आम्ही आयुष्यात पुष्कळ निवडणुका हरलो, पण न मोजलेल्या मतपेटीइतके काही जिव्हारी लागत नाही. तरीही तो अर्ज वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात खेळाडूंच्या बाजूने एकमुखी निकाल लागला. त्याच वर्षी त्यांना आपल्या नावाचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. आणि २०२५ च्या जुलैपासून एका न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. त्यामागेही कोणाची तरी वही असणारच.

त्या मुलाने विचारले होते, एका सामन्याचे इतके काय? आम्ही त्याला पत्रातून कळवले ते असे. माणसाला उभा जन्म सांगितलेले असते की तुझे काम हरण्याचे आहे, त्याचे पैसे तुला मिळतील, गुमान खेळ आणि घरी जा. एखाद्या दुपारी कोणीतरी तसे वागत नाही. ते ज्यांनी कानांनी ऐकले, ते घाटातल्या वळणावर गाडी मागे घेतात, आणि ते आयुष्यभर विसरत नाहीत. त्यांना हसू नकोस. फक्त पुढच्या सप्टेंबरात त्यांच्यात बसशील तेव्हा एवढे विचार की, त्याच्या आधीची तीन वर्षे ही पोरे पहाटे उठून काय करीत होती?

आमच्या त्या लेथवाल्या सहकाऱ्याची वही अजून युनियनच्या कपाटात आहे. पाने पिवळी पडली, काही ठिकाणी तेलाचे डाग आहेत. हल्ली नवीन पोरे आली की आम्ही गुलालाची गोष्ट सांगण्याआधी ती त्यांच्या हातात देतो. आपल्यापैकी कोणाला पाहायची असेल तर कचेरी संध्याकाळी सहानंतर उघडी असते, अवश्य यावे.