कर्करोगावर उष्णतेचा उपाय



या विषयावर बोलायला डॉक्टरांऐवजी फाउंड्री कामगारांच्या युनियनचा माणूस कसा उभा राहिला, असे आपल्याला वाटले असेल. ते रास्तच आहे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही, ते नगरवाचनालयात. परंतु उष्णता म्हणजे काय हे आम्ही पुस्तकाआधी भट्टीपुढे शिकलो. आणि हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही, हे पुढे कळेल.

ताप म्हणजे शत्रू, असे आपण समजतो. 1866 साली बॉन येथील शल्यवैद्य बुश यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. चेहऱ्यावर सार्कोमा जातीची गाठ होती. रुग्णाला विसर्प झाला, जोराचा ताप भरला, आणि गाठ नाहीशी झाली. पुढे न्यूयॉर्कला विल्यम कोली यांनी 1891 पासून रुग्णांना जंतू टोचून मुद्दाम ताप आणण्याचे प्रयोग केले. काही बरे झाले, पुष्कळ झाले नाहीत. गुण तापाचा की शरीराच्या प्रतिकारशक्तीचा, हा वाद मागे राहिला. अशी धाडसी माणसे शास्त्रात लागतात. मात्र त्यांच्या टेबलावर आपण असू नये, एवढेच!

उष्णता गाठीला का बाधते? निरोगी मांस तापले की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त ती उष्णता वाहून नेते. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईने बांधलेल्या चाळीतल्या नळांसारख्या वेड्यावाकड्या. तेथे उष्णता कोंडते. गाठीच्या पोटात जेथे प्राणवायू नीट पोचत नाही, तेथील पेशी किरणांना दाद देत नाहीत. पण उष्णतेपुढे त्याच दुबळ्या ठरतात. शिवाय किरणांनी केलेली मोडतोड पेशी दुरुस्त करू पाहते, त्या कामालाही उष्णता खीळ घालते. म्हणजे उष्णता ही किरणांची हेल्पर आहे. लागणारी उष्णता किती? साधारण 40 ते 43 अंश सेल्सिअस, सुमारे तासभर. आमच्याकडे लोखंडाचा रस 1400 अंशांच्या आसपास ओततात. येथे एकेका अंशाचा हिशेब आहे. कमी पडली तर काम होत नाही, फार झाली तर चांगले मांस भाजते. रोज देऊनही चालत नाही, कारण पेशी उष्णतेला काही काळ सरावतात. म्हणून आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. यंत्रातून रेडिओलहरी अथवा सूक्ष्मलहरी सोडतात आणि बारीक तापमापी गाठीजवळ ठेवून मोजत राहतात.

या मोजण्यात सगळे आले. 1980 च्या दशकात अमेरिकेत किरणांना उष्णतेची जोड देऊन मोठी चाचणी झाली, तिच्यात एकंदरीत फायदा दिसला नाही. लहान गाठींत दिसला. मोठ्या गाठींत उष्णता नीट पोचलीच नव्हती. नंतर नेदरलँड्समध्ये 1990 ते 1996 या काळात ओटीपोटातील कर्करोगाच्या 358 रुग्णांवर चाचणी झाली; निष्कर्ष 2000 साली छापले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांत नुसत्या किरणांनी शंभरात 57 जणींची गाठ पूर्ण गेली, उष्णतेची जोड दिल्यावर 83 जणींची. तीन वर्षांनी हयात होत्या शंभरात अनुक्रमे 27 आणि 51. हे आकडे मोठे आहेत. मात्र नीट ऐका: किरण दोन्ही गटांना दिले होते. नुसती उष्णता कोणालाच दिली नव्हती. आणि 1999 पासून या रोगात किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध देण्याची रीत पडली, त्यामुळे उष्णतेची जागा पुष्कळ आकसली. पोटात गरम औषध फिरवण्याची आणखी एक पद्धत आहे. अंडाशयाच्या कर्करोगात 2018 च्या चाचणीत तिचा उपयोग दिसला, मोठ्या आतड्याच्या रोगात फ्रान्समधल्या चाचणीत दिसला नाही.

आता आमची गोष्ट. 2011 साली आमच्या कोअर शॉपमधल्या एका भगिनीला हाच रोग झाला. किरणांच्या पंचवीस खेपा सांगितल्या होत्या, तिने अकरा घेतल्या. रोजचा एस.टी.चा प्रवास, जुलाब, आणि प्रत्येक खाड्याला कापली जाणारी मजुरी. आपल्याकडे किरणोपचाराला लोक 'शेक'च म्हणतात. वस्तुतः त्या किरणांनी अंग तापत नाही. पण शब्द तोच! तेव्हा गावाजवळच एकाने गरम पेटीत बसवून गाठ 'वितळवण्याचा' उद्योग मांडला होता. हाही शेक, तोही शेक. मग जवळचा का नको? तिने आम्हांला विचारले. आम्ही म्हणालो, बघा घेऊन. एवढेच नव्हे, खात्याखात्यांतून फिरून त्या पेटीसाठी वर्गणीही आम्हीच काढली.

तीन महिन्यांनी तिला परत रुग्णालयात नेली तेव्हा रोग फुप्फुसात गेला होता. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी रागे न भरता विचारले, "किती अंश उष्णता दिली? गाठीपर्यंत किती पोचली? मोजली कोणी?" भट्टीवरचा पायरोमीटर बिघडला म्हणून ज्यांनी दोन दिवस काम बंद ठेवले होते, त्या आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात आम्ही वाचनालयात जाऊन हा विषय वाचायला घेतला. उशिरा घेतला.

त्या पेटीवाल्याला शिव्या देणे सोपे आहे. पण ती किरण अर्धवट सोडून का आली? ती ठेकेदाराकडे होती, तिचे राज्य कामगार विम्याचे कार्ड नव्हते. सेवेच्या अटी पुऱ्या असतील तर कर्करोगात विमेदार कामगाराला पगाराच्या ऐंशी टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. आणि ठेकेदाराच्या माणसाचीही वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकावर आहे. हे आम्हांला ठाऊक होते. त्या सालच्या आमच्या मागणीपत्रात ठेका कामगारांच्या कार्डांची मागणी सातव्या क्रमांकावर होती. पहिल्यावर बोनस.

पुढच्या वर्षी ती वर घेतली. कार्डे निघायला आणखी तीन वर्षे लागली, आणि कोअर शॉपमधल्या काही बायांची अजून निघालेली नाहीत.