अमक्याची बायको, तमक्याची आई

१९५१-५२ मध्ये लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभा यांची पहिली निवडणूक एकत्रच झाली. मतदार १७ कोटींहून अधिक, त्यातले बहुतेक निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची, चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढंच. शिक्का नाही, खूण नाही.

मोठी अडचण आली मतदारयाद्यांची. उत्तरेकडच्या कितीतरी बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशाच नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या नाकारल्या. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं वगळली गेली. निर्णय फार कठोर होता, तरी मला तो योग्य वाटतो. नवरा किंवा मुलाच्या ओळखीवर मतदान करणारी स्त्री स्वतंत्र नागरिक कशी ठरणार? १९५७ च्या याद्यांत स्त्रियांची नोंद बरीच सुधारली.