इस्त्रीचा डाग

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय सर, पहिल्या रांगेत बसलेल्या बाई, आणि तीस वर्षांनीही मागचा बाक सोडायला तयार नसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘माझा छंद’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. माझ्या डाव्या हाताला ही चॉकलेटी पेटी आहे ना, तिच्यावर बोलणार आहे. मघापासून दोघांनी तिच्यावर चहाचे कप ठेवायचा प्रयत्न केला, म्हणून आधीच सांगते, हिच्यावर काहीही ठेवायचं नाही. का, ते पुढे येईलच.

हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. डिसेंबर १९९४ मध्ये आपल्या गॅदरिंगला स्टेजवर हाच होता. आपल्या गिटारवाल्याच्या वडिलांचा. काका नोकरी सांभाळून गणपतीत मंडळांच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी घेऊन, तारांवर स्टीलची कांडी फिरवत. पेटीवर कुठल्या कंपनीचं नाव नाही. पेठेतल्याच कुणा मिस्त्रीनं ती बांधलेली. आत व्हॉल्व्ह, एक स्पीकर, बाहेर प्लायवुडवर रेक्झिन.

काका गेल्या वर्षी गेले. वाडा बिल्डरकडे जायचा होता, सामान आवरणं चाललं होतं. गिटारवाल्यानं आपल्या ग्रुपवर फोटो टाकला, ‘कुणाला हवाय का? नाहीतर भंगारात जाईल.’ मी लगेच ‘मला’ असं लिहिलं. तुम्ही म्हणालात, इंजिनिअरीणबाईंना हौस फार. पण मी त्या फोटोत पेटीचा वरचा भाग मोठा करून बघितला होता. तिथे एक काळपट, त्रिकोणी डाग होता. टोकाकडे निमुळता, मागे रुंद. मला तो चांगला माहीत होता.

पेटी घरी आली तेव्हा अवस्था वाईट होती. कडा सुटलेल्या, एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेलं, आणि धूळ अशी की रंग ओळखू येईना. मी बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स केलं, पण सगळा जन्म सॉफ्टवेअरमध्ये गेला, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून वीस वर्षं झाली होती. एक गोष्ट मात्र विसरले नव्हते. व्हॉल्व्हच्या यंत्रात प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. ते आधी रीतसर उतरवले, मीटर लावून खात्री केली, मगच आतला सांगाडा आणि स्पीकर बाहेर काढला. कुणी असला उद्योग करणार असाल तर ही पायरी गाळू नका.

मग नुसतं पुसलं. साबणाचं पाणी, पिळलेलं फडकं, जुना टूथब्रश. दोन संध्याकाळी गेल्या आणि कळलं की दोन्ही बाजूंचं रेक्झिन अजून धडधाकट आहे, फक्त कडेला सुटलंय. सगळं ओरबाडून नवं लावणं सोपं होतं. माझ्या मुलानं तेच सुचवलं. पण काकांचा हात ज्यावर तीस-चाळीस वर्षं फिरला, ते चांगलं असताना कशाला काढायचं? बाजू ठेवायच्या आणि फक्त वरचा पट्टा बदलायचा, असं ठरवलं.

त्यासाठी नाना पेठ पालथी घातली. दुकानदार विचारायचे, “ताई, रिक्षाला हवंय का सोफ्याला?” मी म्हणायची, “गिटारच्या पेटीला.” पुढे शांतता. रिक्षाचं फार गुळगुळीत, सोफ्याचं खाली स्पंज लावलेलं. मला हवं होतं मागे कापड असलेलं आणि वर खरखरीत दाणा असलेलं. गंमत म्हणजे रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचं नाव. आपण डालडा म्हणतो तसं ते सगळ्याच नकली चामड्याला चिकटलं. अमेरिकेत गिटारवाले अशा कापडाला टोलेक्स म्हणतात, तेही मूळचं व्यापारी नावच. तिकडे फेंडर कंपनी आधी प्रवासी बॅगांना लावतात तसलं कापड अ‍ॅम्प्लिफायरला लावायची. १९६० च्या सुमाराला ती टोलेक्सकडे वळली. थोडक्यात, ही पेटी म्हणजे वाजणारी ट्रंकच. चौथ्या दुकानात जवळपासचा रंग मिळाला. जवळपासचा म्हणतेय; उजेडात फरक दिसतो.

आता जुनं काढायचं. हेअर ड्रायरनं गरम करायचं आणि हळूहळू, घाई न करता, सोलायचं. एका कोपऱ्यात गोंदानं दाद दिली नसावी, म्हणून मिस्त्रीनं सरळ चुका ठोकल्या होत्या. त्याच्या तीन चुका मी पक्कडीनं उपसल्या. आतल्या फळीवर त्याची पेन्सिलनं लिहिलेली मापंही सापडली, इंचात. ती तशीच ठेवली आहेत.

सोलत सोलत डागापाशी आले आणि थांबले. बाई, त्या दिवशी तुम्ही मला स्टेजमागे मुलींच्या कपड्यांवर नेमलं होतं. कोळीनृत्याच्या साड्या चुरगळल्या होत्या आणि मागे प्लगचा एकच पॉइंट होता, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी. पुढच्या कार्यक्रमाची घोषणा झाली, कुणीतरी हाक मारली आणि मी तापलेली इस्त्री या पेटीवर आडवी ठेवून धावले. परत आले तेव्हा वास सुटला होता. इस्त्री उचलली तर रेक्झिन तिला चिकटून वर आलं. मी त्यावर टेबलक्लॉथ टाकला आणि कुणाला काही बोलले नाही. गॅदरिंग छान झालं. बक्षिसंही मिळाली.

काकांनी डाग घरी गेल्यावर पाहिला. ते ओरडले नाहीत. “तुझं लक्ष कुठे होतं?” एवढंच मुलाला म्हणाले, आणि अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा घराबाहेर गेला नाही. म्हणून फेब्रुवारीतल्या निरोप समारंभाला आपल्याकडे गिटार नव्हती, टेपरेकॉर्डर होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा त्याला ‘भाव खातो’ म्हणून नावं ठेवली होती. हे सगळं मला कसं माहीत? त्यानंच अकरावीत असताना बसस्टॉपवर सांगितलं. मी म्हणाले, “अरेरे.” मग माझी बस आली.

तर जुनं रेक्झिन निघालं आणि खाली लाकूड स्वच्छ होतं. डाग आतपर्यंत गेलाच नव्हता. पण बाकीच्या फळीला खड्डे होते, चुकांची भोकं होती. रेक्झिनखाली काही लपत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा राहिला तरी वरून दिसतो. म्हणून लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासलं, डोळे मिटून तळहात फिरवून पाहिला, पुन्हा घासलं. चिकटवायला सुतारांचं पिवळं सोल्यूशन घेतलं नाही. ते टेकताक्षणी धरतं, मग सरकवायची सोय नाही. पांढरं फेविकॉल लावलं, लाटण्यानं बुडबुडे कडेला काढले आणि रात्रभर फळीवर डिक्शनऱ्या ठेवल्या.

जुनं-नवं जिथे भेटतं तिथे दोन्ही एकमेकांवर थोडे चढवायचे, वर स्टीलची पट्टी धरायची आणि धारदार पात्यानं दोन्ही थर एकदमच कापायचे. मग वरची आणि खालची चिंधी काढून टाकली की कडेला कड बरोबर मिळते. माझ्या धंद्यात चुकलं तर आधीच्या आवृत्तीवर परत जाता येतं. इथे पातं एकदाच फिरतं. डावीकडची कापताना हात कापला, ती जरा वाकडी आहे. जवळ येऊन बघा.

कोपरे मात्र चांगले जमले. ते मी कुठे शिकले, माहीत आहे? कार्यानुभवाच्या तासाला. जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं घालताना बाई म्हणायच्या, कोपऱ्यातला जादा कागद आधी तिरका काप, मग एक बाजू दुमड, मग दुसरी. बाई, तुम्ही माझी आठ कव्हरं परत उसवायला लावली होती.

मागच्या आठवड्यात काकूंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. चहा टाकायला आत गेल्या. माझं नाव त्याला आत्ताच सांगू नका, मला सांगू द्या, एवढं मी त्यांना विनवलं.

तर गिटारवाल्या, ऐक. इस्त्री माझी होती. तुझ्यावर आलेला बोल माझा होता, आणि बसस्टॉपवर तू सांगितलंस तेव्हाही मी तो घेतला नाही. माफ कर म्हणायला तीस वर्षं लावली, त्याचीही माफी मागते. पेटी तुझी आहे, मी फक्त दुरुस्त केली. डागाचा तुकडा फेकलेला नाही. मागची फळी उघडलीस की आत पाकिटात सापडेल. ठेव किंवा टाक.

आता वर ये. तुझी गिटार गाडीतून आणली आहे ना? वायर लावून ठेवली आहे. मी स्विच दाबते. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतं, तोवर सगळ्यांनी जरा गप्प बसा. आणि त्या कपवाल्यांनो, पुन्हा सांगते, वर काही ठेवू नका.