मुकें जनावर आणि अबोल मूल

(नभोवाणीवरील भाषण)



कांहीं मुलांना शब्द येतात, पण ते दुसऱ्यापर्यंत पोंचवितां येत नाहींत. कांहींना शब्दच येत नाहींत. अशा मुलाला शिकविलेल्या कुत्र्याची सोबत दिली असतां तें इतरांशीं व्यवहार करूं लागण्यास कशी मदत होते, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

हांक मारली तरी वळून न पाहणारें, ऐकलेलेंच वाक्य पुनःपुन्हां म्हणणारें, कुकरची शिट्टी होतांच कानांवर हात ठेवून किंचाळणारें मूल आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याला 'घुमें', 'हट्टी', क्वचित् 'वेडें' म्हणून मोकळें होण्याची आपली जुनी रीत. लिओ कॅनर या अमेरिकेंतील डॉक्टरांनीं १९४३ सालीं अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि या अवस्थेचें 'ऑटिझम' हें नांव रूढ झालें. मराठींत तिला स्वमग्नता म्हणतात. आपल्या देशांतील २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें तिची स्वतंत्र नोंद केली आहे. ही मेंदूची जन्मजात निराळी घडण आहे. आईच्या मायेंत कांहीं उणें पडल्याचा हा परिणाम नव्हे. ही गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे, कारण हा दोष अनेक वर्षें आयांच्या माथीं मारला गेला.

आतां कुत्र्याकडे वळूं. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञांच्या खोलींत त्यांचा 'जिंगल्स' नांवाचा कुत्रा असे. कोणाशींही न मिसळणारें एक मूल त्या कुत्र्याशीं सहज रमलें, आणि त्याच्या मध्यस्थीनें डॉक्टरांशींही मोकळें झालें. हा अनुभव त्यांनीं १९६२ सालीं लेखरूपानें मांडला. पुढें १९९६ मध्यें कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत स्थापन झालेल्या एका संस्थेनें स्वमग्न मुलांसाठीं कुत्रे तयार करण्यास आरंभ केला, व ती पद्धति इतर देशांतही पसरली. यासाठीं बहुधा लॅब्रॅडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीचें शांत पिल्लूं निवडतात. तें आधीं एखाद्या कुटुंबांत वाढवितात, आणि मग कित्येक महिने त्याला शिक्षण देतात.

पण ज्याला स्वतःला बोलतां येत नाहीं तें जनावर दुसऱ्याला बोलण्यास मदत करील कसें? पहिलें कारण असें कीं, माणसाचा चेहरा हें फार अवघड पुस्तक आहे. "या, या, फार लवकर आलांत!" या वाक्याचा अर्थ शब्दांत नसून सुरांत असतो. पुष्कळ स्वमग्न मुलांना हा गुंता सुटत नाहीं. कुत्र्याच्या वागण्यांत असा आडपडदा नाहीं. शिवाय उत्तरास उशीर झाला म्हणून तो तोच प्रश्न अधिक मोठ्या आवाजांत विचारीत नाहीं.

दुसरें कारण शब्दाच्या सामर्थ्याचें. मुलानें 'बस' म्हटलें आणि कुत्रा बसला, म्हणजे आपल्या शब्दानें जगांत कांहीं घडतें, हें त्याला डोळ्यांनीं दिसतें. ज्याला उच्चार साधत नाहीं तें मूल हातानें खूण करितें. खुणेवर चालण्यास शिकलेला कुत्रा त्या खुणेलाही तितकाच मान देतो. तिसरें कारण समाजाचें. ज्या मुलाकडे लोक पूर्वीं नुसते टक लावून पाहत, त्यालाच आतां "कुत्र्याचें नांव काय?" असें विचारतात. या प्रश्नाचें उत्तर त्याला ठाऊक असतें!

कुत्र्याकडे रक्षणाचेंही काम असतें. अनेक ठिकाणीं मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या अंगावरील पट्ट्याला जोडतात, आणि कुत्र्याची दोरी आईच्या हातीं असते. मूल एकाएकीं रस्त्याकडे धांवलें तर कुत्रा पाय रोवून उभा राहतो. मनगट आवळून धरणारी आई मग मुलाशीं चार शब्द बोलूं शकते.

कॅनडांतील क्वीबेक प्रांतांत अशा ४२ मुलांची पाहणी झाली. तिचा वृत्तान्त २०१० सालीं प्रसिद्ध झाला. मनावरील ताणाशीं संबंध असलेलें कॉर्टिसोल नांवाचें द्रव्य शरीरांत असतें. जाग आल्यावर लाळेंत त्याचें प्रमाण वाढतें. कुत्रा येण्यापूर्वीं ही वाढ शेंकडा ५८ होती. तो घरांत असतां ती शेंकडा १० वर आली, आणि कांहीं काळानें त्याला दूर नेतांच पुन्हां शेंकडा ४८ झाली. एवढ्यावरून मुलें बोलूं लागलीं असें सिद्ध होत नाहीं. परंतु धास्तावलेल्या जिवाला बोलणें सुचत नाहीं, हें प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

तथापि कोणीं उद्यांच बाजारांतून कुत्रा आणूं नये. न शिकविलेला कुत्रा भुंकला तर आवाजाला भिणारें मूल अधिकच भेदरेल. कांहीं मुलांना कुत्र्याचा स्पर्श किंवा वास सोसत नाहीं. शिक्षण फार खर्चाचें आहे. कुत्र्यालाही विसांवा लागतो, आणि आठ-दहा वर्षांनीं त्याची सेवा संपते; त्या वियोगाची तयारी आधींच करावी लागते. वाचाशिक्षण व शाळा यांची जागाही तो घेऊं शकत नाहीं.

मग ज्यांच्या घरीं असा कुत्रा येणें शक्य नाहीं, त्यांनीं काय करावें? भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा आपण मुलांना सांगतों. कोरडी भाकरी त्याच्या घशाखालीं कशी उतरेल, एवढीच त्यांची चिंता होती. समोरच्या जिवाला काय सोसतें व काय सोसत नाहीं, हें त्यानें न बोलतां ओळखणें, हेंच येथेंही करावयाचें आहे. म्हणून मुलाजवळ शांत बसावें. एका वेळीं एकच गोष्ट सांगावी, व तीही थोडक्या शब्दांत. "माझ्या डोळ्यांकडे पाहा" असा आग्रह धरूं नये. उत्तराची वाट पाहावी, आणि तें शब्दांत न येतां खुणेंत आलें तरी उत्तरच समजावें. यांपैकीं एकाही गोष्टीस पैसा लागत नाहीं. लागतो तो धीर. तो आईबापांनीं दाखवावा, शेजाऱ्यांनीं दाखवावा आणि शाळेंतील मास्तरांनींही दाखवावा, एवढीच माझी विनंती आहे.