विषाची बाटली आणि चार ओळींचा निरोप

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांतील कपाशी कित्येक शेतांत पुरुषभर वाढली होती. पाठीवर पंप घेऊन तींत शिरलेल्या माणसाच्या तोंडावरच औषधाचे तुषार येत. शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधा होऊन रुग्णालयांत आले; २० हून अधिक दगावले.

बाटल्यांवर सूचना नव्हत्या असें नाहीं. सूचना होत्या, पण बारीक अक्षरांत, आणि बाटली बहुधा मालकाजवळ. पंप वाहणाऱ्याच्या हातीं येतें तें कालवलेलें पाणी. बाटलीवरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व शेवटीं हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असें कोणी समजला तर त्याला दोष कसा द्यावा?

आतां मोबाइल पुष्कळ मजुरांच्या खिशांत आहे. व्हॉट्सॲपवरचा निरोप थेट त्यांच्यापर्यंत पोंचूं शकतो. मात्र लिहिणाराची लेखणी अजून कचेरींतच अडकलेली असते. “वैयक्तिक संरक्षक साधनांचा वापर अनिवार्य आहे” हें वाक्य व्याकरणशुद्ध खरें. पण तें वाचून कोणी हातमोजे घालील, असें नव्हे. त्याऐवजीं असें लिहावें: “उद्यां फवारणीला जाणार? वारा पाठीवर घ्या. हातमोजे, चष्मा आणि नाकातोंडावर मास्क घाला. खर्रा खाण्याआधीं हात साबणानें धुवा.” खर्ऱ्याचें नांव घेण्यास शिष्ट माणूस कचरेल, तंबाखू सोडा, हाही उपदेश तेथेंच करावा, असें त्यास वाटेल. तो मोह आवरावा. आणि हातमोजे मालकानें द्यावयाचे, तेव्हां मालकासाठीं निरोप निराळा हवा.

मेलेल्यांचीं छायाचित्रें पाठवून धाक घालणारेही पुष्कळ. धाकानें दोन दिवस हात थांबतो. अळी थांबत नाहीं, आणि मजुरीही सोडवत नाहीं. भ्यालेल्या माणसास पुढें काय करावें हें सांगितलें पाहिजे. अंधुक दिसूं लागलें, लाळ सुटली, मळमळलें, कीं शेताबाहेर यावें, कपडे काढून अंग साबणानें धुवावें व बाटली घेऊन दवाखाना गाठावा. बाटली अशासाठीं कीं, सर्व विषांवर उतारा एक नसतो. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या विषावर ॲट्रोपीन देतात, इतर कित्येकांवर त्याचा उपयोग होत नाहीं.

निरोप फवारणीच्या आदल्या सायंकाळीं जावा, आणि वाचतां न येणाऱ्यांसाठीं आवाजांत जावा. कोलाम पोडावर कोलामींत, बंजारा तांड्यावर गोरमाटींत. पाठविण्यापूर्वीं तो एका मजुरास ऐकवावा व “काय समजलें, सांगा बरें,” असें विचारावें. तो जेथें अडखळेल, तेथलें वाक्य खोडावें.