खुरटलेलं झाड बोन्साय होत नाही



बोन्सायबद्दल आपल्याकडे दोन मतं हमखास ऐकू येतात. एक कौतुकाचं: एवढंसं झाड, आणि त्याला पारंब्यासुद्धा! दुसरं हळहळीचं: वडासारख्या वृक्षाला कुंडीत डांबलं, उपाशी ठेवलं, खुरटवलं. वरवर ही मतं एकमेकांविरुद्ध दिसतात, पण दोन्हींच्या बुडाशी समजूत एकच आहे. झाडाचं खाणंपिणं तोडलं की ते लहान राहतं आणि लहान राहिलं की त्याचं बोन्साय होतं, असं दोन्ही बाजू धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे, एवढंच मला आज मांडायचं आहे. उपाशी झाडाचं बोन्साय होत नाही. ते मरतं, नाहीतर किडकिडीत रोप होऊन कुंडीत नुसतं उभं राहतं. बोन्साय धडधाकट झाडाचंच होतं, आणि हा छंद करणाऱ्याची बहुतेक मेहनत झाड धडधाकट ठेवण्यातच खर्ची पडते.

सुरुवात बुंध्यापासून करू. चांगलं बोन्साय पोक्त वाटतं ते खोडामुळे. बुंधा जाड हवा, वर जाताना निमुळता हवा आणि जमिनीलगत मुळं चहूबाजूंना पसरलेली हवीत. खोड जाड होतं ते सालीखालच्या एका पातळ जिवंत थरामुळे. त्याच्या पेशी विभागत राहतात आणि आतल्या अंगाला नवं लाकूड चढत जातं. त्याला लागणारी साखर पानं बनवतात. म्हणजे भरपूर पानं आणि त्यांना पाणी पुरवणारी भरपूर मुळं असल्याखेरीज बुंधा भरतच नाही. पहिल्या दिवसापासून उथळ कुंडीत कोंबलेल्या रोपाचं खोड वर्षानुवर्षं पेन्सिलीएवढं राहतं. म्हणून जाणकार माणूस रोप आधी जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत लावतो, चांगलं पुरुषभर उंच होऊ देतो आणि मग शेंडा पार खाली उतरवतो. कापाखालून फूट येते, त्यातली एक नवा शेंडा म्हणून राखली जाते, ती वाढली की पुन्हा छाटली जाते. दर टप्प्याला वरचा भाग खालच्यापेक्षा बारीक राहतो आणि खोडाला निमुळतेपणा येतो. खालच्या अंगाची एखादी फांदी तर मुद्दाम बेबंद वाढू देतात. तिच्या पानांवर बुंधा पोसतो, आणि काम झालं की ती काढून टाकतात. अशी कित्येक वर्षांची मोकळीक मिळालेलं झाडच पुढे उथळ कुंडीत शोभतं.

कुंडीत आल्यावर ते आटोक्यात राहतं ते छाटणीने. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं; ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा खुडला की दाब सुटतो, डोळे फुटतात, एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार. झाडाचं बळ अनेक फुटींत वाटलं गेल्याने पेरं आखूड होतात, पानंही लहान येतात. वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडांची पानं ऐन उन्हाळ्यात खुडली तर नवी पालवी आणखी लहान येते. पण ती येते खोडात साठवलेल्या अन्नावर. अशक्त झाडाची पानं खुडली तर फांद्याच वाळून जातात, म्हणजे खुद्द हे तंत्रच सशक्तपणाची अट घालतं. आणि झाडाचा मूळ स्वभाव यात तसूभरही बदलत नाही. कुंडीतल्या लिंबाला पानं बारीक येतील, पण लिंबू नेहमीच्या आकाराचंच लागेल. तेच झाड जमिनीत लावलं तर पुन्हा इतर लिंबांसारखं वाढेल.

लोकांना सर्वांत क्रूर वाटते ती मुळांची छाटणी, म्हणून तीच जरा जवळून पाहू. दोन-तीन वर्षांनी झाड कुंडीतून काढलं की मुळांचा कुंडीच्याच आकाराचा गठ्ठा हातात येतो. कडेने मुळं गोल गोल फिरलेली असतात, आत मातीपेक्षा मुळंच जास्त झालेली असतात, आणि वरून घातलेलं पाणी कडेनेच वाहून जात असतं. झाड खरं उपाशी असतं ते या अवस्थेत. काडीने गठ्ठा मोकळा करायचा, जाड, गुंडाळलेली मुळं कापायची, बारीक तंतुमुळं राखायची आणि वीटचूर, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत यांच्या पाणी साचू न देणाऱ्या मिश्रणात झाड पुन्हा बसवायचं. कुंडीच्या भोकांतून काढलेल्या तारेने ते घट्ट बांधायचं, कारण वाऱ्याने झाड हललं तर नवी मुळं तुटतात. मग काही आठवडे सावली. कापलेल्या टोकांपाशी कोवळ्या मुळांचे झुपके येतात, आणि पाणी व अन्न शोषण्याचं मुख्य काम कोवळ्या मुळांचंच असतं. ही छाटणी वगळली, तर मात्र झाड खरोखरच खुरटतं.

या साऱ्याची सर्वांत मोठी साक्ष आहे ती आयुष्याची. उथळ पात्रात झाडं वाढवण्याची रीत चीनमध्ये फार जुनी; इ.स. 706 मधल्या राजपुत्र चांगहुआईच्या थडग्यातल्या भित्तिचित्रांत अशी पात्रं वाहून नेणारे सेवक दिसतात. जपानने ही कला आपली करून वाढवली. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतल्या बोन्साय-माळ्यांनी ओमिया इथे जाऊन 1925 साली आपलं गावच वसवलं. त्यांच्या निर्णयात मोकळी जागा, स्वच्छ हवापाणी आणि चांगली माती यांचा विचार होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. उपासमारीवर चालणाऱ्या धंद्याला मातीची एवढी चिंता कशाला असेल? हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडचं एक पांढरं पाइन झाड 1625 पासून जोपासलेलं आहे. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, बागेच्या भिंतीआड होतं, आणि वाचलं. 1976 मध्ये जपानने अमेरिकेला दिलेल्या बोन्सायांत ते होतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ते आजही आहे. त्याची ही कहाणी तिथल्या लोकांना कळली ती 2001 मध्ये, यामाकींचे नातू ते पाहायला आले तेव्हा. चार शतकं उपाशी राहून कोणतंच झाड जगत नाही.

यावर आपल्याकडचा ठरलेला आक्षेप असा, की जगदीशचंद्र बोसांनी वनस्पतींना संवेदना असतात हे सिद्ध केलं, मग ही काटछाट हिंसाच नव्हे का? बोसांनी दाखवलं ते फार मोलाचं होतं: उद्दीपनाला वनस्पती विद्युत-प्रतिसाद देतात, आणि त्यांची अतिसूक्ष्म वाढही क्रेस्कोग्राफने मोजता येते. पण प्रतिसाद देणं आणि वेदना भोगणं यांत अंतर आहे. वनस्पतींना मज्जासंस्था नाही, मेंदू नाही. तरी ज्याला तो प्रश्न टोचतो त्याने तो सगळीकडे विचारावा. नाशिकचा द्राक्षबागायतदार एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो, म्हणून तर वेल फळते. मोकळं सोडलं तर चांगला वृक्ष होणारं चहाचं झाड मळ्यात जन्मभर कमरेएवढंच ठेवलं जातं. कोकणात भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजायला, म्हणजे राबासाठी, ऐनाच्या फांद्या तोडत आले आहेत. या छाटण्यांना कोणी क्रौर्य म्हणत नाही. तिथे पोट भरतं, इथे नुसती हौस, असं यावर कोणी म्हणेल. फरक खरा आहे, पण तो माणसाच्या हेतूतला आहे. झाडाचं बरंवाईट ठरतं ते त्याची फूट, मुळं आणि आयुष्य यांवरून, आणि त्या कसोटीवर चांगलं बोन्साय कुठेही कमी पडत नाही. 

टीकाकारांचं जिथे बरोबर आहे तिथे ते मोकळेपणी मान्य केलं पाहिजे. कड्याकपारीत वाऱ्याने आणि दुष्काळाने वाकलेली जुनी झाडं उपटून आणणं ही या छंदाची खरी हिंसा आहे. तशी झाडं अनेकदा जगत नाहीत आणि डोंगराचं नुकसान कायमचं होतं. त्याची गरजही नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून जुन्या इमारतींच्या भिंतींत, गच्चीच्या पन्हळींत पिंपळ, उंबर, नांदरुक उगवतातच, आणि दुरुस्तीच्या वेळी ते मारलेच जातात. तेच मुळासकट सोडवून घ्यावेत. हा छंद श्रीमंतांचाच आहे, असाही एक आक्षेप असतो; त्याचंही उत्तर या फुकट मिळणाऱ्या झाडांतच आहे. दुसरा दोष हट्टाचा. हिवाळ्याची कडक थंडी मागणारे मेपल आणि पाइन पुण्या-मुंबईच्या उकाड्यात आणून ठेवले की ते झुरतात. आपल्याकडे वड, पिंपळ, चिंच, बोगनवेल यांच्यावर जन्मभर काम करता येईल. तिसरा दोष दिवाणखान्याचा. बोन्साय ही शोभेची वस्तू समजून टीपॉयवर ठेवली जाते, उन्हावाचून तिची पानं गळतात, आणि नाव मात्र बोन्सायचं बदनाम होतं. तारेचंही तसंच. पावसाळ्यात वडाची फांदी इतक्या झपाट्याने भरते की वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार काही आठवड्यांतच सालीत रुतते आणि उरलेला वळ वर्षानुवर्षं जात नाही. प्रदर्शनात झाड पाहताना आपण आकाराला दाद देतो. त्याआधी हे वळ पाहावेत, बुडाशी मुळं पाहावीत, पानांचा रंग पाहावा.

राहिला प्रश्न वारसाचा, आणि माझ्या मते आपल्याकडे या छंदाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. उथळ कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज, कधी दोनदा पाणी लागतं. आठ दिवसांचा खंड चाळीस वर्षांची मेहनत संपवू शकतो. ज्याने झाड वाढवलं त्याच्यामागे ते कोणी पाहायचं? यामाकींचं झाड टिकलं ते पिढ्यांनी सांभाळलं आणि पुढे एका सार्वजनिक बागेने जबाबदारी घेतली म्हणून. आपल्या विद्यापीठांच्या वनस्पती-उद्यानांनी आणि कृषी महाविद्यालयांनी जुने संग्रह स्वीकारायची सोय करायला हवी, आणि हौशी मंडळींनी आजपासून दर झाडाची एक वही ठेवायला हवी: झाड कुठून आणलं, कोणत्या साली छाटलं, कुंडी शेवटची कधी बदलली, कोणती फांदी कशासाठी वाढू दिली आहे. नवा माणूस कात्री हातात घेईल तेव्हा ती फांदी चुकून कापली जाऊ नये, इतपत तपशील त्या वहीत असला पाहिजे.